नाथाने पुरी केलेली सतरंजी

नाथाला कुणी आळशी म्हणालं असतं, तर ते खोटं ठरलं असतं. कळव्याच्या मिठागरांत त्याच्याइतक्या हौसेने काम सुरू करणारा माणूस दुसरा नव्हता. पहाटे उठून, कंबर कसून, "आज बघाच" असं शेजाऱ्यांना सांगून तो कामाला भिडायचा. अडचण एवढीच, की काम अर्ध्यावर आलं की त्याचं लक्ष दुसऱ्या कामाकडे जायचं, आणि ते दुसरं काम त्याला पहिल्याहून जास्त गोड दिसायचं.

त्याच्या घराला तीन बाजूंनी कुडाच्या भिंती होत्या आणि चौथ्या बाजूला होडीचं जुनं शीड टांगलेलं होतं. भिंत होईपर्यंत राहू दे म्हणून टांगलेलं ते शीड अजून तिथेच होतं, आणि त्याच्या आडोशाला रांगणारी त्याची मुलगी शालू आता लग्नाची झाली होती. अंगणात एक होडी होती. तिला एकाच बाजूच्या फळ्या होत्या, त्यामुळे ती पाण्यात जायच्या कामाची नव्हती, पण कोंबड्या तिच्यावर खूश होत्या. परसात विहीर होती. तीत घागर बुडत नसे, पाहुणे मात्र अडखळून पडत. एकदा तर न्हाव्यासमोरून अर्धी दाढी झाल्यावर नाथा उठून गेला, कारण बांधावर कुणाचंतरी भांडण लागलं होतं. ते सोडवायला म्हणून गेला आणि तेही अर्धंच सोडवून आला.

मिठाचं काम तेवढं दरसाल पुरं व्हायचं.

"ते ऊन करतंय," त्याची बायको सखुबाई म्हणायची. "तुमी नाय."

शालूचं लग्न ठरायला आलं तेव्हा मात्र हे सगळं नडलं. स्थळ चांगलं होतं. मुलाचा बाप डोंबिवलीकडच्या एका गावचा काळुराम, घरची भातशेती, दोन बैलजोड्या, एकुलता एक मुलगा. काळुराम स्वतः मुलगी बघायला आला. डोक्याला लालभडक पागोटं, त्याला जरीचा काठ. ते पागोटं त्याच्या भागात इतकं प्रसिद्ध होतं, की लांबून ते दिसलं की बायका पदर सारखा करत आणि कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. शालू त्याला पसंत पडली. मुलगा सखुबाईला पसंत होताच. सगळं जमलं, आणि निघताना काळुराम परसातल्या विहिरीत पडला. म्हणजे गुडघ्यापर्यंत.

विहिरीतून बाहेर येऊन त्याने शेजारच्या आनंदाला विचारलं, "ह्यो खड्डा कसला?" आनंदाला आयुष्यात यापेक्षा आवडता प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने विहीर, भिंत, होडी आणि दाढी, सगळं अगदी पुरतं सांगितलं.

काळुराम परत अंगणात आला.

"नाथा," तो म्हणाला, "पोर तुझी सोन्यासारखी. पन तू मांडव अर्धा घालशील, जेवन अर्धं रांधशील आनि हलद एकाच गालाला लावशील. मला तुझ्या हातची पुरी झालेली एक वस्तू दाव. कसली पन चालंल. तुलशीच्या लग्नाआधी मी येतंय. वस्तू दिसली तर सुपारी फोडू, नायतर राम राम."

तो गेल्यावर सखुबाईने शालूकडे बघितलं, मग शिडाच्या भिंतीकडे बघितलं, आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशी तिने भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या, की आनंदाच्या घरात ऐकू गेल्या.

नाथाला खरंच वाईट वाटलं. त्याने लगेच तीन कामं सुरू केली.

ती अर्ध्यावर यायच्या आत तो मिठाच्या गोणी घेऊन कल्याणच्या बाजारात गेला. तिथे धोंडीबा नावाच्या विणकराच्या ओट्यावर पाणी प्यायला बसायची त्याची जुनी सवय. आगगाडी सुरू होऊन तीसेक वर्षं झाली होती, आणि मुंबईच्या गिरण्या कल्याणच्या विणकरांना एकेक करून ओढून नेत होत्या. त्या दिवशी धोंडीबाच्या ओट्यावर बोचकी बांधलेली होती.

"चाललो रे नाथा," धोंडीबा म्हणाला. "गिरणीत लागलोय. पण चाळीतल्या खोलीत आम्ही माणसंच एकमेकांवर निजणार, हा माग कुठे ठेवू? चुलीत घालायला हात होत नाही."

मागावर ताणा लावलेला होता. म्हणजे उभे धागे सगळे ओढून, ताणून तयार, आणि त्यावर चिंध्यांची सतरंजी जेमतेम बोटभर विणून झालेली. नाथाने ती बघितली आणि त्याच्या अंगात वीज शिरली. सुरुवात दुसऱ्याने केलेली! म्हणजे अर्धं काम झाल्यासारखंच.

"मला दे," तो म्हणाला.

धोंडीबाने त्याला माग दिला आणि दुपारभर बसून शिकवलंही. चिंधीचा धोटा इकडून टाक, तिकडून घे. पाय आलटूनपालटून पावड्यांवर दाब. मग फणी ओढून ठोक. नाथा हुशार होता. सुरुवात शिकायला त्याला कधीच वेळ लागला नव्हता. सुरुवातीच्या टोकाच्या गाठी धोंडीबाने आपल्या हाताने मारून दिल्या. शेवटाचं शिकायचं राहिलं, कारण तोवर गाडीची वेळ झाली.

नाथा त्याला पोचवायला स्टेशनावर गेला. गाडी हलली तेव्हा त्याला एकदम आठवलं. तो डब्याबरोबर धावत ओरडला, "धोंडीबा, इनून झालं की मंग काय करू?"

धोंडीबाने खिडकीतून मान काढली. "सोपं आहे! कापलंस की लगेच—" आणि इंजिनाने शिट्टी फुंकली. धोंडीबाचं तोंड हलत होतं, हात हवेत कसलेतरी वेढे घेत होते, आणि शिट्टी थांबली तेव्हा एकच शब्द नाथापर्यंत पोचला. "...गाठ!"

नाथाच्या डोळ्यांत पाणी आलं. 'पुन्हा गाठ पडेल म्हणाला बिचारा,' असं मनाशी म्हणत तो माग मिठाच्या होडीत घालून कळव्याला आला.

पडवीत माग बसवायचा तर विणणाऱ्याचे पाय सोडायला खाली खड्डा लागतो. नाथाने खड्डा खणायला घेतला आणि सवयीप्रमाणे अर्धा खणला. त्यामुळे तो मागाशी बसला की त्याचे गुडघे हनुवटीला लागत, आणि फणी ओढली की हनुवटी गुडघ्यावर आपटे. प्रत्येक ठोक्याला दोन आवाज येत, एक फणीचा, एक नाथाचा.

पण सतरंजी वाढू लागली. घरातली जुनी लुगडी गेली, फाटकी गोधडी गेली, नाथाचं स्वतःचं मुंडासं गेलं. सखुबाई आणि शालू चिंध्यांच्या पट्ट्या फाडत, टोकाला टोक शिवत, गुंडे करत. शेजाऱ्यांनी आधी आपणहून चिंध्या दिल्या. मग आनंदाचं कुंपणावर वाळत घातलेलं धोतर सतरंजीत दिसू लागलं, तेव्हा वाडीतल्या लोकांनी कपडे घरात वाळवायला सुरुवात केली.

सतरंजी अर्धी झाली. त्या सकाळी नाथा मागावरून उठला, हात झटकले आणि अंगणातल्या होडीकडे बघत म्हणाला, "सखू, हिला एक बाजू अजून लावली तर काय मस्त होडी होईल गो."

सखुबाई याचीच वाट बघत होती. मिठाच्या होडीचा जाडजूड दोर तिने हाताशीच ठेवला होता. एक टोक तिने नाथाच्या कमरेला बांधलं, दुसरं पडवीच्या खांबाला, आणि गाठ अशी मारली की ती नाथाच्या हाताला पोचू नये.

"अगो, लोक काय म्हंतील?"

"म्हंतील बैल चांगला हाय," सखुबाई म्हणाली आणि त्याला भाकरी तिथेच आणून दिली.

दोन दिवस नाथा कुरकुरला. तिसऱ्या दिवशी काहीतरी निराळंच झालं. अर्ध्याच्या पुढचा मुलूख त्याने जन्मात पाहिला नव्हता. उरलेलं काम रोज कमी होतं, ही गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. तो भल्या पहाटे उठून मागाशी बसू लागला, जेवायला उठेना, गुडघे आपटले तरी हसू लागला. सखुबाईने दोर सोडला तरी तो जागचा हलला नाही. आता तिला जरा भीतीच वाटू लागली.

ठरल्याप्रमाणे काळुराम आला तेव्हा सतरंजी वीतभर राहिली होती. ही बातमी वाडीभर पसरली होती, आणि नाथा काहीतरी पुरं करतोय हे बघायला लोक पडवीत, अंगणात, होडीवर, जिथे जागा मिळेल तिथे बसले होते. काळुरामने सतरंजी बघितली, उरलेली वीत बघितली आणि मिशीवरून हात फिरवला.

"अजून झाली नाय."

"होतंय, इवाय, होतंय," नाथाने सुपारीआधीच त्याला व्याही करून टाकलं. "तुमी जेवा, जरा आडवं परा. उठाल तवा पुरी."

जेवण झकास होतं. खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण, तांदळाची भाकर. काळुराम जेवला, पडवीच्या कोपऱ्यात आडवा झाला, आणि उकडतं म्हणून पागोटं डोक्यावरून काढून शेजारच्या मऊ ढिगावर ठेवलं. तो ढीग चिंध्यांचा होता.

इकडे नाथा विणत होता. लोक श्वास रोखून बघत होते. आणि चार बोटं राहिली असताना चिंध्यांचे गुंडे संपले.

"चिंधी!" नाथा ओरडला. मान वर करायलाही त्याला सवड नव्हती. "सखू, चिंधी दे!"

सखुबाईने ढिगात हात घातला आणि नजर सतरंजीवरच ठेवून हाताला लागलेलं टोक ओढलं. लांबच लांब कापड उलगडत आलं. आत दुमडलेला जरीचा काठ कुणाला दिसला नाही. पडवीत उजेड कमी, आणि सगळ्यांचे डोळे त्या चार बोटांवर.

"लाल हाय गो!" कुणीतरी म्हणालं. "शेवटाला लाल झक दिसंल!"

या गलक्याने काळुराम जागा झाला. झोपेतून उठलेल्या माणसाला आजूबाजूला उत्साह दिसला की कशासाठी ते न विचारता तोही उत्साहात येतो. सखुबाईला एकटीला ते घट्ट विणीचं कापड फाटेना, हे त्याने अर्धवट डोळ्यांनी बघितलं.

"असं नाय फाटत," तो म्हणाला. "आना इकरं. ते टोक धर रे आनंदा. दातानं आधी चीर पाड. हां! आथा ओढ!"

टर्रर्र! काळुरामने कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं, मग त्याची पुन्हा एक पट्टी फाडली, आणि "कापड मातर चांगलं हाय हां, कोनाचं हाय?" असंही विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. वाडीत एवढं चांगलं कापड कुणाचं असणार?

नाथाने लाल पट्टी धोट्यात घातली. इकडून टाक, तिकडून घे. पाय, फणी, गुडघा. काळुराम त्याच्या पाठीशी उभा राहून "ठोक! अजून ठोक!" करत होता. शेवटची ओळ बसली तेव्हा पट्टीचं टोक आलं आणि त्यावर जरीचा काठ चमकला, पण तोवर लोकांनी असा ओरडा केला, की खाडीवरचे बगळे उडाले.

"कापा आथा," सखुबाई म्हणाली.

नाथाने कोयती हातात घेतली. धाग्यांना लावली आणि पुन्हा उचलली. "उद्या कापू," तो हळूच म्हणाला. "आज अमावास्या तर नाय?"

शालूने त्याच्या हातातून कोयती घेतली. तिने ताण्याचे उभे धागे मुठीत धरले आणि सपासप कापून काढले. सतरंजी मोकळी होऊन नाथाच्या मांडीवर पडली.

"झाली," शालू म्हणाली.

सगळ्यांनी नाथाची पाठ थोपटली. काळुराम हसत पुढे आला. "नाथा, जिंकलास! आन सुपारी." आणि अशा शुभ वेळी डोकं बोडकं नको म्हणून त्याने पागोट्यासाठी मागे हात नेला. हात ढिगात फिरला. पुन्हा फिरला. मग त्याने ढीग उपसला. मग तो उभा राहिला आणि सतरंजीच्या लाल पट्ट्याकडे, जरीच्या त्या टोकाकडे बघू लागला. पडवीत इतकी शांतता झाली, की कोंबडीने होडीवरून उडी मारलेली ऐकू आली.

"माझं पागोटं," काळुराम म्हणाला.

आनंदाने तोंड उघडलं. त्याला गप्प बसणं जमतच नसे. "काका, पन फाडलं तुमीच."

इथेच सगळं बिघडलं. दुसऱ्या कुणी फाडलं असतं, तर काळुरामला त्या माणसावर ओरडता आलं असतं. स्वतःवर किती ओरडणार? तो राग वाटच न मिळाल्यामुळे त्याच्या आत फुगत गेला. नाथाने नवं पागोटं आणून देतो म्हटलं, आनंदाने स्वतःचं मुंडासं पुढे केलं. काळुरामने दोन्ही झिडकारलं.

"बोडक्यानं मी गावात शिरनार नाय. लोक इचारतील, घरात कोन गेलं. माझं पागोटं माझ्याच डोक्यावर जाईल!"

आणि त्याने सतरंजी उचलली आणि डोक्यावर घेतली. लाल पट्टा कपाळावर आणला, बाकीची पाठीवर सोडली आणि तरातरा चालू लागला. मागचं टोक जमिनीवरून फरफटत होतं, म्हणून सखुबाईने धावत जाऊन ते उचललं. दुसरी बाजू आनंदाने धरली. पुढच्या टोकाचे कापलेले धागे काळुरामच्या तोंडावर लोंबत होते.

नाथा जागच्या जागी उभा होता. जन्मात एक गोष्ट पुरी झाली आणि ती समोरून चालत निघाली होती. तेवढ्यात त्याला दिसलं, की कुंपणाशी वळलेल्या काळुरामच्या कपाळावरून लाल चिंधीचा एक फास लोंबतोय. शेवटची ओळ सुटत होती! तिच्यामागची पण सैल होत होती. मोकळे धागे, त्यांना धरून ठेवायला काहीच नव्हतं. आणि स्टेशनावर हवेत वेढे घेणारे धोंडीबाचे हात त्याला डोळ्यांपुढे दिसले.

"गाठ!" नाथा किंचाळला. "भेटायची नाय! धाग्यांची गाठ!"

तो धावत काळुरामच्या पुढे गेला. "इवाय, थांबा! कापल्यावर गाठी माराच्या असतात! नायतर तुमचं पागोटं वाटेवर सांडंल!"

"सांडू दे!" काळुराम थांबायला तयार नव्हता.

मग नाथाला एकच मार्ग उरला. काळुरामच्या तोंडासमोर तोंड करून तो उलटा चालू लागला आणि चालता चालता त्याच्या नाकासमोरचे धागे चार-चार जुळवून गाठी मारू लागला. काळुराम जोरात चालला की नाथा जोरात मागे सरके. काळुरामने मान फिरवली की नाथा धाग्यांना लोंबकळून त्या बाजूला जाई. एका बांधावर तो शेळीला अडखळून उताणा पडला, पण हातातला धागा सोडला नाही, त्यामुळे काळुरामही वाकला.

पारसिकच्या डोंगराखालची वाट सुरू झाली तेव्हा काळुराम पहिल्यांदा बोलला. "मागं दगड हाय."

नाथाने पाय उचलला. "उपकार झाले."

"उपकार कसले? तू परलास की मी पन खाली परतंय." थोडं चालून तो पुन्हा म्हणाला, "डावीकरं सरक. पान्याचा वहाल हाय." आणि मग, "ही गाठ सैल बसली. पुन्ना मार."

वाटेत एक पाडा लागला. तिथल्या बायका पाणवठ्यावरून येत होत्या. त्यांना काय दिसलं? तोंडावर पांढऱ्या धाग्यांच्या मुंडावळ्या सोडलेला एक माणूस, पाठीवर रंगीबेरंगी शेला, शेला धरायला मागे एक बाई आणि एक पुरुष, आणि समोर वाकून वाकून उलटा चालणारा कुणीतरी.

"अगो बाय," त्यातली एक म्हणाली, "म्हातारा नवरा चाललाय लग्नाला!"

"वय बघ जल्लं!"

"असूं दे गो, हौस हाय." आणि एकीने खरोखरच घागरीतलं पाणी काळुरामच्या पायावर ओतलं. दुसरीने कपाळावर कुंकू लावायला म्हणून धागे बाजूला सारले आणि नाथाची गाठ सोडवली. नाथाने ती पुन्हा मारली.

काळुराम "मी नवरा नाय!" असं ओरडला, पण पाणी पायाला थंड लागलं होतं, आणि लग्न झाल्यापासून कुणी त्याचे पाय धुतले नव्हते. पुढच्या पाड्यात तो ओरडला, पण हळू. त्याच्या पुढच्या पाड्यात एका पोराने रिकामा डबा बडवायला घेतला, दोघाचौघांनी टाळ्या धरल्या, आणि लोक मागून येऊ लागले. काळुराम आता ताठ मानेने, पावलं मोजून टाकत चालत होता.

"जरा हळू चालू या," तो नाथाला कुजबुजला. "गाठी नीट बसूं दे."

रुळांवरून एक गाडी गेली. डब्यांतून माणसांनी माना बाहेर काढल्या आणि एकाने टोपी हलवली. काळुरामने सतरंजीच्या आतून हात वर करून त्याला आशीर्वाद दिला.

ते गावात पोचले तोवर मागे भलीमोठी वरात झाली होती. डब्याचा आवाज ऐकून काळुरामची बायको गोदूबाई दारात आली. सकाळी मुलाचं लग्न ठरवायला गेलेला नवरा संध्याकाळी मुंडावळ्या बांधून परत आलेला तिने बघितला. मागे एक अनोळखी बाई पदर खोचून उभी होती.

गोदूबाई आत गेली आणि केरसुणी घेऊन बाहेर आली.

"पोरासाठी गेला तो सोताच बाशिंग बांधून आला!" पहिला तडाखा सतरंजीवर बसला आणि धुरळा उडाला. "आनि हिला घेऊन आला!"

"अगो, ही इहीन हाय!" काळुराम सतरंजीखाली लपत ओरडला. "आपली इहीन!"

"इहिनीशी लगीन लावलंस?"

"बाय, मी याची बायको!" सखुबाईने नाथाकडे बोट दाखवलं. नाथा अजून काळुरामच्या नाकासमोर होता आणि केरसुणीचे निम्मे तडाखे खात शेवटचे चार धागे जुळवत होता.

"मंग ह्यो इकरं काय करतंय? तोंडाला तोंड लावून?"

"गाठ मारतंय," नाथा म्हणाला. "ही एकच. झाली! झाली!" आणि तो मागे सरून मटकन खाली बसला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. गोदूबाईने डबा बडवणाऱ्याला आधी गप्प केलं, मग आनंदाला बोलू दिलं, आणि त्याने एकही गोष्ट न गाळता सांगितलं. पागोटं कसं ढिगावर ठेवलं, कसं ओढलं, काळुरामने दाताने चीर कशी पाडली आणि कापड चांगलं आहे म्हणून कसं कौतुक केलं. दाताची गोष्ट आली तेव्हा गोदूबाईच्या हातून केरसुणी पडली. ती उंबऱ्यावर बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वरात हसली, सखुबाई हसली. काळुराम बराच वेळ न हसायचा प्रयत्न करत होता. मग त्याच्या मिशा हलल्या.

गोदूबाईने सतरंजी ओसरीवर पसरायला लावली. निळी लुगडी, पिवळी गोधडी, आनंदाचं धोतर, आणि शेवटी लाल पट्टा, जरीचा ठिपका आणि बारीक गाठींची सरळ ओळ. तिने एकेक गाठ बोटाने चाचपली.

"कुनी मारल्या?"

"मी," नाथा म्हणाला. आपला आवाज त्याला ओळखू आला नाही.

"चालता चालता?"

"उलटा चालता चालता," काळुराम मध्येच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "मीच सांगत होतो त्याला, खड्डा कुठे हाय ते."

"मंग सुपारी आना," गोदूबाई म्हणाली. "वरात दारात आलीच हाय, रिकामी कशाला पाठवा?"

सुपारी त्या सतरंजीवरच फुटली. डबा बडवणाऱ्यापासून पाय धुणाऱ्या बाईपर्यंत सगळे गूळ-खोबरं खाऊन गेले. तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्याच मुहूर्ताला शालूचं लग्न लागलं. मांडव नाथाने घातला आणि चारी बाजूंनी घातला. हळद मात्र सखुबाईने लावली, कारण त्या बाबतीत तिला धोका पत्करायचा नव्हता.

सतरंजी काळुरामच्या ओसरीवरच राहिली. शालू सासरी आली तेव्हा तिला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, की पाहुण्यांनी निळ्यावर बसावं, पिवळ्यावर बसावं, धोतरावर तर खुशाल बसावं, पण लाल पट्ट्याला कुणाचा पाय लागता कामा नये. येणारेजाणारे तो पट्टा ओलांडून आत येत. नवीन माणसाला कारण ठाऊक नसे, पण काळुराम तिथेच नवं पागोटं बांधून बसलेला असे, आणि कुणी पाय खाली टेकवायच्या बेतात आला की तो तिथूनच म्हणे, "पुढं पट्टा हाय. पाय उचल."